चामड्याची मूठ पुन्हा पुन्हा सैल पडते? हँडलच्या कव्हरचं निदान आणि दुरुस्ती

सायकलच्या हँडलला घरी चामडं शिवलं की पहिले काही आठवडे मूठ घट्ट असते. मग एक दिवस चढावर जोर लावताना ती तळहाताखाली किंचित सरकते. काही दिवसांत पाव फेरा फिरायला लागते, खाली असलेली शिवण वर येते, टाक्यांमधून फट दिसते. मग कुणी आत सोल्यूशन (रबरी चिकटा) भरतं, कुणी उसवून पुन्हा शिवतं. पाऊस सुरू झाला की तक्रार परत हजर.

दोष बहुतेक वेळा सोल्यूशनचा नसतो, टाक्यांचाही नसतो. चामडं कापण्याआधी ताणून घेतलेलं नसतं, हे खरं कारण. चामडं ओढलं की वाढतं, आणि त्यातली थोडी वाढ कायमची राहते. ती कापण्याआधी काढून घेतली नाही तर पुढे तळहात ओढून ओढून काढतात. हिशेब करून बघा: मुठीच्या घेराला ७५ मिमी चामडं लागलं आणि ते ४ टक्के वाढलं, तर घेरात ३ मिमी ढील आली. म्हणजे कव्हरचा व्यास जवळजवळ १ मिमीने मोठा झाला. एवढ्यावर कुठलीही मूठ फिरते.

खालची मापं सरळ किंवा मागे वळलेल्या साध्या हँडलसाठी आहेत. त्यांचा पकडीच्या जागचा बाहेरचा व्यास सहसा २२.२ मिमी असतो. रेसिंग सायकलच्या वाकड्या हँडलचं शेवटी वेगळं दिलं आहे. आणि तोपर्यंत एक पथ्य: मूठ फिरत असेल तर त्या सायकलवर घाट उतरू नका. ब्रेक दाबताना बोटं लिव्हरवर आणि तळहात मुठीवर असतो. मूठ फिरली की मनगट फिरतं आणि लिव्हर सुटते.

आधी बघा, नेमकं काय फिरतंय

उसवण्याच्या आधी एक खूण करा. पांढऱ्या मार्करने एकाच सरळ रेषेत तीन ठिपके द्या: एक हँडलच्या उघड्या धातूवर, एक आतल्या अस्तराच्या कडेवर (रबर, टेप, जे असेल ते) आणि एक चामड्यावर. नेहमीसारखी एक फेरी मारून या.

तिन्ही ठिपके जागच्या जागी असतील तर मूठ सैल नाही, फक्त वरून गुळगुळीत झालीय आणि हात घसरतोय. फक्त चामड्याचा ठिपका सरकला तर चामडं ढिलं आहे. चामडं आणि अस्तर दोन्ही एकत्र सरकले तर चामडं ठीक आहे, अस्तर हँडलवर घसरतंय. अशा वेळी नवं चामडं शिवून काहीच साधणार नाही. अस्तर म्हणून वायरमनची पीव्हीसी टेप गुंडाळली असेल तर हे हमखास होतं. उन्हात उभ्या सायकलवर त्या टेपचा चिकटा पातळ होतो आणि सगळी मूठ त्यावर तरंगते.

चामडं: कुठलं घेतलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं

दोन मुठींना चामडं किती लागतं? कडेची सूट धरून प्रत्येकी सुमारे ११० × १५० मिमीचा तुकडा. दोन मिळून जेमतेम एक तृतीयांश चौरस फूट. अख्खं कातडं विकत घेण्याचं काही कारण नाही. धारावीत पिशव्या-पट्टे करणाऱ्यांकडे किंवा कोल्हापुरात चपला करणाऱ्या कारागिरांकडे कापून उरलेले एवढे तुकडे सहज असतात. मात्र तुकडा हातात घेऊन निवडा, पोत्यातून मुठीने उचलू नका.

जाडी १ ते १.२ मिमी हवी (बकरीचं ०.८ मिमीही चालतं). जाडी मोजायचं साधन नसेल तर झेरॉक्सचे १२ कागद एकावर एक ठेवून चिमटीत धरा, साधारण १.२ मिमी होतात. चामडं त्याच्याशी ताडून बघा. चपलेच्या तळाचं चामडं याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतं, ते हँडलभोवती नीट वळतच नाही. जरा जाड तुकडा मिळाला तर गटई कामगाराकडून उलट्या बाजूने रापीने (चामडं तासायच्या पात्याने) तासून घ्या. कडेचा ८ ते १० मिमीचा पट्टा तरी तासून घ्याच, नाहीतर शिवणीचा उंचवटा बोटांना टोचत राहतो.

आपल्याकडे स्थानिक माल मुख्यतः म्हशीचा आणि बकरीचा. म्हशीचं चामडं दणकट, पण दाणा (वरचा पोत) भरड. बकरीचं पातळ असूनही चिवट, आणि मुठीसाठी तेच सगळ्यात सोयीचं. मेंढीचं हाताला मऊ लागतं म्हणून लोक भुलतात. त्याचा वरचा थर आतल्या थरापासून सुटतो आणि वर्षाच्या आत साल निघायला लागते. ते नकोच.

जनावराशिवाय दुसरा प्रश्न कमावणीचा, म्हणजे कच्चं कातडं कशात मुरवून टिकाऊ केलंय त्याचा. बाभळीची साल, हिरडा अशा झाडाच्या मालात कमावलेलं चामडं ओलं करून आकाराला आणता येतं; वाळताना ते थोडं आवळतं आणि तोच आकार धरून बसतं. क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांवर) कमावलेलं चामडं मऊ, लवचिक असतं. ओलं करून काही उपयोग नाही, वाळलं की पूर्ववत. दोन्हींवर मूठ होते, पण रीत वेगळी. क्रोमचं चामडं ओलं करून शिवणं आणि झाडाच्या कमावणीचं कोरडं शिवणं, सैल मुठींमागे या दोन गल्लती फार वेळा सापडतात.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी दिसली तर झाडाची कमावणी असण्याची शक्यता जास्त, मधोमध निळसर करडी रेघ असेल तर क्रोम. रंगवलेल्या चामड्यात कड फसवते, तेव्हा नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. झाडाच्या कमावणीचा तुकडा आकसून गोळा होतो, कडक होतो. क्रोमचा जवळजवळ तसाच राहतो. (हीच गोष्ट पुढे लक्षात ठेवायची: मुठीला कढत पाणी कधीही नाही.)

जुने पट्टे, पर्सेस, सोफ्याचं चामडं चालतं, पण उलटी बाजू तपासा. कापडाची जाळी दिसली तर ते रेक्झिन. पुठ्ठ्यासारखी एकसारखी पाठ असेल आणि फाडल्यावर पुठ्ठ्यासारखीच फाटत असेल तर तो चामड्याचा भुसा चिकटवून केलेला माल. आरीचं (चांभाराच्या टोच्याचं) भोक पाडलं की तिथूनच उलतो.

ताण काढणं

तुकडा दोन्ही दिशांनी हाताने ओढून बघा. एका दिशेला तो कमी ताणतो. ती दिशा हँडलच्या घेराला यायला हवी, जास्त ताणणारी दिशा हँडलच्या लांबीला. उलटं बसवलं तर कितीही घट्ट शिवा, सैल पडणारच. पोटाकडचा भाग, जो दोन्हीकडे लुसलुशीत ताणतो, तो पिशवीच्या अस्तराला ठेवा.

आता उलट्या बाजूवर, जी दिशा घेराला येणार आहे त्या दिशेत, पेनने बरोबर १०० मिमीची रेघ आखा. झाडाच्या कमावणीचा तुकडा असेल तर कोमट पाण्यात बुडवून बाहेर काढा. दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या लावून क्लिपांनी गच्च पकडा, वरची पट्टी खिळ्याला अडकवा आणि खालच्या पट्टीला एक वीट बांधा. साधी भाजकी वीट तीन किलोच्या आसपास भरते, तेवढं पुरे. रात्रभर टांगून ठेवा. क्रोमचा तुकडा कोरडाच टांगा, वजन दीडपट करा.

सकाळी वीट काढा, तासभर तुकडा तसाच पडू द्या आणि रेघ मोजा. १०० ची १०३ किंवा १०४ झाली असेल तर ती वाढ म्हणजे दोन महिन्यांनी मुठीत आली असती ती ढील. १०६ च्या पुढे गेली तर तुकडा मुठीच्या कामाचा नाही. मापाने कापायचं ते या ताणाईनंतर, आधी नाही.

अस्तर

नुसत्या धातूवर चामडं शिवू नये. एक तर २२.२ मिमीची नळी हाताला बारीक पडते. दुसरं, लोखंडी हँडलचा मुलामा कुठे उडाला असेल तर गंज आणि चामड्यातलं टॅनिन (कमावणीच्या सालीतलं तुरट द्रव्य) मिळून निळा-काळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंडाची शाई होते तीच क्रिया. आणि तिसरं, चामडं ओलं झालं की किंचित सैलावतं, वाळलं की आवळतं; खाली थोडं दबणारं काहीतरी असेल तर हा फरक तिथे मुरतो.

सगळ्यात स्वस्त आणि चांगलं अस्तर म्हणजे जुन्या ट्यूबचा तुकडा. हँडलचा घेर ७० मिमी, म्हणजे ट्यूब सपाट ठेवल्यावर ३५ मिमी रुंद असेल तर ती हँडलवर जेमतेम बसेल, आवळणार नाही. ३० ते ३२ मिमी सपाट रुंदीची हवी. टेप घेऊन पंक्चरच्या दुकानात जा आणि टाकून दिलेल्या ट्यूबमधून मोजून निवडा. जाड टायरच्या सायकलींच्या ट्यूब ४० मिमीच्या वर असतात. त्या बसतात पटकन, पण फिरतात.

तुकडा १३५ मिमी कापा. हँडल आधी साफ करा: जुना चिकटा, गंज, घामाचं पांढरं मीठ. अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलवर पांढरी पूड साचून खड्डे पडले असतील, किंवा कुठे केसासारखी चीर दिसली, तर चामडं राहू द्या, आधी हँडल बदला. ट्यूब चढवताना साबणाचं पाणी वापरू नका, ते आत राहतं. स्पिरिट किंवा हात धुवायचं सॅनिटायझर आत फिरवा, तुकडा एका दमात सरकवा, उडून गेलं की रबर जागच्या जागी धरतं. तास-दोन तासांनी दोन्ही हातांनी पिळून बघा. इथे फिरलं तर पुढे जाऊ नका.

ट्यूब साधारण ०.९ मिमी जाड असते, म्हणजे एका थराने व्यास २४ मिमी होतो. वर १.२ मिमी चामडं आलं की २६.४. हात मोठा असेल तर ट्यूबचे दोन थर द्या, मूठ २८ मिमीच्या आसपास जाईल. त्याहून जाड करण्याआधी ब्रेक लिव्हरपर्यंत बोटं कशी पोचतात ते बघा.

माप

व्यास मोजायच्या भानगडीत पडू नका. कागदाची पट्टी अस्तराभोवती घट्ट गुंडाळा, जिथे कागद कागदावर येतो तिथे खूण करा, उलगडून मोजा. हा घेर. त्यात चामड्याच्या जाडीची तिपटीहून किंचित जास्त, म्हणजे ३.१४ पट भर घाला. ट्यूबचा एक थर असेल तर घेर ७५.४, चामडं १.२ मिमी, भर ३.८, एकूण ७९.२ मिमी. एवढ्या रुंदीचा तुकडा कडेला कड लावून बरोबर मिटेल, पण ताण शून्य. म्हणून झाडाच्या कमावणीचं, ताणून घेतलेलं चामडं याहून ४ मिमी कमी कापा: ७५ मिमी. बकरीचं ०.८ मिमीचं क्रोम असेल तर एकूण ७८ येतं, त्यातून ६ वजा करून ७२.

लांबी १३५ मिमी. वाळताना टोकाला थोडं आत जातं, आणि जास्तीचं नंतर कापता येतं.

हे आकडे चांगली सुरुवात आहेत, पण प्रत्येक तुकड्याची ओढ वेगळी. त्याच चामड्याची ३० मिमी लांबीची चाचणीची पट्टी आधी शिवून बघा. हाताने ओढून फट मिटायला जीव काढावा लागत असेल तर १ मिमी वाढवा. अलगद मिटत असेल तर १ कमी करा.

भोकं आणि टाके

शिवण उघडण्याची कारणं तीन: भोकं कडेच्या फार जवळ, चामडं फार ओलं असताना शिवलेलं, आणि चुकीचा दोरा.

भोकं कडेपासून ३ मिमी आत, दोन भोकांत ५ मिमी. बारीक बकरीच्या चामड्याला कडेपासून ४ मिमी. दोन्ही कडांना भोकांची संख्या सारखी असायलाच हवी. एखादं कमी-जास्त झालं की शिवण हळूहळू पिळत जाते आणि मूठ तिरकी दिसते. मिलिमीटरच्या आलेख कागदाची पट्टी कडेवर दोन थेंब पातळ गोंदाने चिकटवा आणि दर पाचव्या रेघेवर आरी टोचा. दोन्ही टोकांना ५ मिमी सोडलं तर १३५ मिमीत २६ भोकं येतात. दोन कडा धरून एका मुठीची ५२. आरी बारीक घ्या, भोक दीड मिमीच्या आत. हातोडीने मोठा पंच मारला तर भोकाभोवती चामडंच उरत नाही.

दोरा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला, ०.८ ते १ मिमी. सुती मेणदोरा जुन्या पद्धतीचा आणि दिसायला छान, पण घाम आणि पावसाने कुजतो. नायलॉन ओला झाला की ताणतो. ज्यांच्या टाक्यांत पावसाळ्यात फट पडते आणि उन्हाळ्यात कमी होते त्यांनी दोरा तपासावा. एका मुठीला दीड मीटर लागतो, दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई.

झाडाच्या कमावणीचं चामडं कोमट पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा, पाचेक मिनिटं. मग लगेच शिवायला घेऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन तास ठेवा. पृष्ठभागाचा रंग परत मूळ रंगाकडे जायला लागला, पण हाताला गारवा लागतोय, तेव्हा शिवायची वेळ. ठिबकतं चामडं शिवलं तर दोरा भोकातून कडेकडे चिरत जातो. ते लगेच दिसत नाही, वाळल्यावर भोकं लांबट दिसतात आणि महिन्याभरात कड फाटते.

शिवण हँडलच्या खालच्या बाजूला, किंचित पुढे ठेवा. तळहाताचा भार वरून आणि मागून येतो, तिथे टाके नकोत. खाली ठेवल्याने आत गेलेलं पाणी निथळायलाही वाट राहते.

टाका असा: पहिल्या दोन समोरासमोरच्या भोकांतून दोऱ्याची दोन्ही टोकं आतून बाहेर काढा, दोन्हीकडे दोरा सारखा करा. आता डावी सुई फटीतून आत घालून उजव्या कडेच्या पुढच्या भोकातून आतून बाहेर. उजवी सुई फटीतून आत घालून डाव्या कडेच्या पुढच्या भोकातून बाहेर. दोन्ही टोकं एकदम, सारख्या जोराने ओढा. सुई नेहमी आतून बाहेर येते, हा क्रम मध्येच चुकला की तेवढाच टाका वेगळा दिसतो. दर चार-पाच टाक्यांनी मागे जाऊन आरीच्या टोकाने प्रत्येक फुली उचलून ढील पुढे आणा. हे टाळलं तर मधले टाके सैल राहतात आणि टोकाचे घट्ट. मूठ मधोमध फुगते. एकाच टाक्यात फट पूर्ण मिटवायचा हट्ट धरू नका, पुढच्या दोन-तीन टाक्यांनी ती मिटत येते.

शेवटच्या भोकांतून दोनदा फिरवा, गाठ आत ढकला, दोरा २ मिमी ठेवून कापा आणि लायटरने टोक वितळवून दाबा. आग चामड्याला लावू नका.

ब्रेककडच्या टोकाला त्याच दोऱ्याचे आठ-दहा वेढे आवळून बांधले तर टोक उचलत नाही. ब्रेकच्या क्लँपपासून १ मिमी जागा सोडा, नाहीतर लिव्हर हलवताना कड घासून उलते.

पंख्याखाली, सावलीत वाळू द्या. कोरड्या हवेत दोन दिवस, जुलै-ऑगस्टमध्ये चार. उन्हात किंवा केसांच्या ड्रायरने वाळवलं तर वरचा थर आधी आखडतो, आतलं ओलं राहतं, आणि मूठ कडक होऊन घडीच्या जागी तडकते. वाळेपर्यंत सायकल चालवायची नाही. ओल्या चामड्याला एकदा पिळ पडला की तोच आकार वाळून पक्का होतो, मग आधीची सगळी ताणाई वाया.

सोल्यूशन कधी, कुठे

ओल्या चामड्याला सोल्यूशन चिकटत नाही. झाडाच्या कमावणीची मूठ नुसत्या टाक्यांवर उभी राहते. हवंच असेल तर पूर्ण वाळल्यावर दोन्ही टोकांची कड उचलून १० मिमीचा पट्टा चिकटवा, बास. क्रोमला मात्र पूर्ण पाठीला लावा, कारण ते स्वतःहून आवळत नाही. चपलांना वापरतात तेच रबरी सोल्यूशन. पांढरा फेविकॉल नको, तो पाण्यात मऊ पडतो.

सोल्यूशन सुटलं की त्याची पाठ बघा. तिथे चामड्याचे तंतू लागून आलेले दिसले तर चिकटा बरोबर धरला होता, तंतूच सुटले. उलट्या बाजूचा सैल लव रापीने किंवा भरड सँडपेपरने काढून टाकल्याशिवाय चिकटवलं की असं होतं. रबरही सँडपेपरने खरवडा. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की जोडा. ओलसर असतानाच जोडलं तर आतला वायू बाहेर पडत नाही आणि आठवडाभर मूठ लिबलिबीत राहते.

आधीच शिवलेली मूठ सैल असेल तर

नवं चामडं कापायची घाई नको. चिमटीत धरून ढील किती आहे ते बघा. घेरात ३ मिमीपर्यंत असेल तर उसवा, अस्तरावर औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी गुंडाळा आणि त्याच भोकांतून पुन्हा शिवा. पाव मिमी जाडीच्या पट्टीचा एक थर घेरात दीड मिमी वाढवतो, म्हणजे ३ मिमी ढिलीला दोन थर. कडेला कड लावून गुंडाळा, एकावर एक चढवली तर वळ उठतात.

४ मिमीच्या वर ढील असेल तर एका बाजूची कड भोकांसकट कापा आणि आत ३ मिमीवर नवी भोकं पाडा. दोन्ही कडा कापू नका, चामडं कमी पडतं. भोकं फाटली असतील तरी हाच उपाय, मात्र ढील नसेल तर कापलेलं चामडं अपुरं पडतं. तेव्हा ट्यूब काढून चिकटपट्टीचं अस्तर द्या म्हणजे घेर कमी होईल.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

काळे-निळे डाग: लोखंडाचे. ताज्या डागावर लिंबाचा रस कापसाने फिरवा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसून काढा. खालचा गंज झाकला नाही तर परत येतील.

बुरशी: घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग स्पिरिटचं फडकं, मग वारा. पार्किंगमध्ये मुठीवर प्लॅस्टिकची पिशवी घालत असाल तर पाऊस थांबताच काढा. बंद पिशवीत एका दुपारीत वास धरतो.

तेल: खोबरेल, मोहरीचं, जे हाताशी असेल ते चोळायची सवय सैल मुठीचं दुसरं मोठं कारण आहे. तेल तंतूंमध्ये शिरून चामडं मऊ आणि ताणायला सोपं करतं. चपलेला ते हवं असतं, मुठीला नको. बिनरंगी मेणाचं बूटपॉलिश पावसाळ्याच्या तोंडी दोन हात आणि नंतर महिन्याला एक पुरतं. आधीच तेल पाजलं असेल तर टॅल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, झटका, दोन-तीनदा करा; सगळं निघत नाही, पण फरक पडतो.

टोकाचं बूच: चामडं नळीच्या तोंडात दुमडून बूच ठोकायचं असेल तर दुमडलेला भाग निम्म्या जाडीपर्यंत तासा. बूच बसत नाही म्हणून तसंच उघडं सोडू नका, पडल्यावर उघडी नळी पोटात घुसते.

अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलवर ठेवून ब्लेडने चामडं कापू नका. ओरखडा तिथे चिरेची सुरुवात असते. कापायचं ते काढून, पाटावर.

वाकड्या हँडलला

इथे पकडीचा व्यास २३.८ मिमी असतो आणि वळणामुळे शिवलेली एकसंध मूठ आतल्या बाजूला सुरकुततेच. पट्टी गुंडाळणं बरं. २५ ते ३० मिमी रुंद, १ मिमी जाड, एका बाजूला सुमारे दोन मीटर. बकरीच्या कातड्यात एवढी लांब पट्टी निघत नाही, जोड द्यावा लागतो: दोन्ही टोकं १५ मिमी तिरकी तासून, चिकटवून, आणि तो जोड हँडलच्या खालच्या बाजूला येईल असा मोजून. पट्टी कातड्याच्या कण्याच्या दिशेने कापा, पोटातून नाही, आणि गुंडाळण्याआधी तीही विटेला टांगा.

कडा उचलण्याचं नेहमीचं कारण चुकीची दिशा. टोकापासून सुरू करून मधे यायचं. सीटवर बसून बघितलं तर उजवीकडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, डावीकडे उलट. हाताचा दाब मग पट्टी आवळतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढला पाहिजे, बाहेरच्या वळणावर थोडा जास्त ओढून, नाहीतर तिथेच धातू डोकावतो. वर चढणारी कड तासलेली असावी. ब्रेकच्या मागच्या जागेला ७० मिमीचा वेगळा तुकडा आधी लावून घ्या आणि रबरी टोपण उलटं दुमडून ठेवूनच पट्टी पुढे न्या.